राहिलेली ई

"उलटा हात फिरव, बाई. तळवा कामानं बहिरा झालेला असतो. उलट्या हाताला अजून ऐकू येतं."

बयाबाईनं हे सांगितलं त्याला अकरा वर्षं झाली, तरी पुठ्ठा समोर आला की प्रतिभाचा हात आपोआप उलटा व्हायचा.

कळंबच्या शिवारातला सरबताचा लहानसा कारखाना. तिथं काचेच्या रिकाम्या बाटल्या लाकडी पॅलेटवर थरावर थर रचून ट्रकनं यायच्या. काचेनं काचेला घासू नये म्हणून दर दोन थरांमध्ये अर्ध्या दाराएवढा एक पुठ्ठा घातलेला असायचा. कारखान्याच्या वहीत त्याचं नाव सेपरेटर. बयाबाईनं पहिल्याच दिवशी त्याचं नवं बारसं केलं.

"ह्यो तर आंतरपाट," ती म्हणाली. "समोरासमोर उभं करायचं, पण भिडू द्यायचं न्हाई."

तेव्हापासून बायका आंतरपाटच म्हणू लागल्या. बाटल्या उतरल्या की पुठ्ठ्यावर उलटा हात हलकेच फिरवायचा, काचेची कणी चिकटली असेल तर कळते. मग फडकं मारून पुठ्ठे काचेच्या कारखान्याला परत धाडायचे. तिथून ते नव्या बाटल्यांबरोबर कुठल्याही गावी जायचे. आपल्याकडचा पुठ्ठा आपल्याकडेच येईल, असा काही नेम नव्हता.

बयाबाई डोंगरावरच्या आहुपे गावची. लेकीकडे कळंबला राहून कामाला यायची. हजेरीला अंगठा उठवताना तिची मान खाली जायची, आणि प्रतिभाला ते बघवायचं नाही. डबा खाऊन झाला की ती फाटक्या पुठ्ठ्यांवर बयाबाईला अक्षरं शिकवू लागली.

"ब म्हंजे पोटात काडी घुसलेलं गाडगं," बयाबाई म्हणायची आणि स्वतःच हसायची.

एका दुपारी तिनं एकटीनं आपलं नाव लिहायला घेतलं. फाटका समजून ओढलेला पुठ्ठा नेमका चांगला निघाला, पण ते तिच्या ध्यानात आलं नाही. तण उपटायला खुरपं रोवावं तसं तिनं पेन रोवलं होतं. ब झाला, या झाला, बा झाला. ई काढायला पेन टेकवणार, तोच हमाल बहिरू आला आणि गाडी भरायच्या घाईत त्यानं पुठ्ठा तिच्या हाताखालून ओढून नेला.

"आरं, माझी ई राहिली की."

"ई घरी जाऊन लिही, मावशे. गाडी सुटती."

झालं. त्या दिवसापासून सगळा कारखाना तिला विचारायचा, "काय मावशी, बयाबा कुठवर पोचला?" कुणी म्हणायचं, बयाबा म्हणजे आपल्या रखवालदार कुशाबाचा धाकटा भाऊ.

सात महिन्यांनी एका ट्रकमधून तो पुठ्ठा परत आला. बाटल्यांच्या बुडांची वर्तुळं अंगभर उठली होती, आणि कोपऱ्यात तीन अक्षरं.

"घे, आता ई लिही," प्रतिभानं पेन पुढं केलं.

बयाबाईनं नाव नुसतं चाचपलं. "फिरू दे अजून. म्या कुठं गाव बघितलंय? तेवढं माझं नाव तरी बघंल. पुठ्ठा मोडीत निघंल तवा मला आणून दे. राहिलेली ई तवा लिहीन."

पुढच्या वर्षी गुडघ्यांनी जवाब दिला आणि ती आहुप्याला कायमची परत गेली. एसटीच्या पायरीवरून तिनं एकदाच विचारलं, "आणशील न्हवं?"

"आणीन," प्रतिभा म्हणाली. रोज दिवा लावल्याशिवाय तोंडात पाणी न घेणारी बाई ती. देवापुढं बोललेलं आणि माणसापुढं बोललेलं, तिला दोन्ही सारखंच.

त्यानंतर तो पुठ्ठा तिला तीनदा भेटला. प्रत्येक वेळी तिनं फडकं मारून त्याला पुढच्या प्रवासाला लावून दिलं. शेवटचा भेटला त्याला दोन वर्षं होऊन गेली.

यंदा आषाढात काचेच्या कारखान्याचा निरोप आला, की इथून पुढं प्लॅस्टिकचे सेपरेटर येणार, जुने परत पाठवू नका, तिकडंच मोडीत काढा. शेडमध्ये ढीग साचला. त्याच आठवड्यात बयाबाईच्या नातीचा, हर्षालीचा, फोन आला होता.

"आजी विचारती, बयाबा कुठंय? तिला आता लई अंधुक दिसतं. डॉक्टर म्हणतात, आहे तेवढी नजर दिवाळीपर्यंत टिकली तर टिकली."

कामाचे तास संपले की प्रतिभा रोज एकेक ढीग बघायची. असेल की नाही, कोण सांगणार? ऊन-पाण्यानं सगळ्या पुठ्ठ्यांचा रंग एक झालेला, शाई तर कधीच उडालेली. एक ढीग उरला. भंगारवाला मंगळवारी येणार होता.

तो सोमवारी सकाळीच टेम्पो घेऊन हजर झाला.

आणि तो श्रावणी सोमवार. श्रावणातल्या सोमवारी दुपारी बारापर्यंत प्रतिभाचं मौन असायचं, लग्नाच्या आधीपासूनचं. ती ढिगाला पाठ लावून उभी राहिली.

"ह्या बाई सरकत का न्हाईत? बोलत बी न्हाईत," भंगारवाला म्हणाला.

"काकू, राहू द्या आता," सुपरवायझर सुदर्शन हळूच म्हणाला. "दहा मिनिटांत भरून जाईल तो."

प्रतिभानं मान हलवली, नाही. एक शब्द बोलली असती तर काम झालं असतं, पण मौनाचा शब्दही देवाला दिलेलाच होता. ती वळून एकेक पुठ्ठा उचलू लागली.

तेवढ्यात बहिरू आला. आता त्याचे केस पिकले होते. त्यानं ढिगाकडं पाहिलं, प्रतिभाच्या उलट्या हाताकडं पाहिलं, आणि जाऊन टेम्पोच्या फाळक्यावर बसला.

"ऊठ की राव, माल भरायचाय."

"बारापर्यंत न्हाई. तिचं मौन हाय."

"मग मी काय हितं बारापर्यंत आरती म्हणू?"

"म्हण. न्हाईतर चहा पी. एका म्हातारीची ई मी पळवलीय, अकरा वर्षं झाली. ती घावल्याबिगर ह्यातला तुकडा हलायचा न्हाई."

सुदर्शनला काही समजलं नाही. पण त्यानं चहा सांगितला.

ढीग गुडघ्यापर्यंत आला, मग घोट्यापर्यंत. खालून चौथ्या पुठ्ठ्यावर प्रतिभाचा हात थबकला. वरून कोरा. पण पुठ्ठा पालथा पडला होता, आणि मागून पेनानं जिथं जोर केला तिथं वर काहीतरी उठून आलं होतं. तिनं डोळे मिटून पुन्हा हात फिरवला. काडी घुसलेलं गाडगं, उलटं.

"घावला?" बहिरूनं विचारलं.

तिनं पुठ्ठा छातीशी धरला.

"बसमधी मावायचा न्हाई एवढा. नावापुरता कापून देऊ का?"

बाराचा भोंगा व्हायला बराच वेळ होता. तो झाल्यावर ती हळू आवाजात म्हणाली, "नको बहिरूभाऊ. फिरलाय तेवढा सगळा तिचाच आहे."

मंगळवारी तिनं पहाटेचा दिवा लावला, तुळशीला पाणी घातलं. पुठ्ठ्याला जुनं स्वच्छ लुगडं गुंडाळलं. पर्समध्ये दोन पेनं टाकली, एक चालेना झालं तर दुसरं असावं म्हणून. मग पुठ्ठा बगलेत धरून, दाराच्या चौकटीला लागू नये म्हणून जराशी तिरपी होऊन, ती आहुप्याला जायला घोडेगावची बस धरायला निघाली.