खाणीतली नावं

यमगर्णीचा पूल मागे पडला, ऊन अंगावर येऊ लागलं, तरी गोमटेशला बोलायला जमलं नव्हतं. हायवेच्या कडेच्या रस्त्याने तो अनवाणी चालत होता. पुढे तीन आर्यिका माताजी, म्हणजे जैन साध्वी, होत्या. पांढरी लुगडी, एका हातात कमंडलू, दुसऱ्या हातात मोरपिसांची पिंछी आणि नजर समोरच्या चार हात जमिनीवर. मागे निपाणीच्या काही बायका आणि दोन म्हातारे श्रावक. तिघींमधल्या मधल्या संवेगमती माताजी. दीक्षा घेण्याआधी त्या सदलग्याच्या ब्राह्मी होत्या, गोमटेशची थोरली बहीण.

चातुर्मास संपला होता आणि संघ निघाला होता. आज कोगनोळीत आहार, दुपारनंतर दूधगंगा ओलांडून कागलच्या बाजूला. त्याच्या पुढचं कुणालाच ठाऊक नव्हतं. मागच्या वेळी त्या या भागात आल्या तेव्हा गोमटेशचे वडील हयात होते. पुन्हा कधी येणार, हे विचारायची पद्धत नव्हती. आई आणि बायको अनुराधा भांडी, विहिरीचं पाणी, दळलेलं पीठ घेऊन रिक्षाने पुढे गेल्या होत्या. गोमटेशने चालत यायचं ठरवलं, कारण त्याला माताजींना एक गोष्ट विचारायची होती. ती इतकी क्षुल्लक होती की कालपासून त्याची त्यालाच लाज वाटत होती. गोष्ट एका कॉम्प्युटर गेमची होती.

गोमटेश निपाणीत अक्कोळ रोडला कॉम्प्युटर आणि मोबाइल दुरुस्त करतो. फारसा बोलत नाही. सदलग्याला त्याचे वडील हायस्कुलात शिक्षक होते. इचलकरंजीचा एक क्लास बंद पडला तेव्हा तिथला जुना कॉम्प्युटर त्यांनी मुलांसाठी घरी आणला. त्याबरोबर एकच सीडी आली. गेमचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, म्हणून घरात सगळे त्याला 'खाण' म्हणायचे. जमिनीच्या पोटातल्या एकेका गुहेत कामगार उतरवायचे, भिंती फोडून चमकणारे खडे गोळा करायचे, वीज पुरवायची, हवा संपायच्या आत सगळ्यांना वर आणायचं. कुठली भिंत आधी फोडायची, कुणाला कुठे पाठवायचं, हे चुकलं की दरड कोसळायची.

माउस गोमटेशच्या हातात असायचा आणि डोकं ब्राह्मीचं. तो तिला आक्का म्हणायचा. हेल्मेट घातलेले ते एवढे-एवढे कामगार सगळे सारखेच दिसायचे, पण आक्काने प्रत्येकाला गल्लीतलं नाव दिलं होतं. सावकाश चालणारा तो मारुतीराव. सारखी जेवायला पळणारी ती मालुबाई. सांगितलेलं सोडून भलतीकडेच खोदणारा भावकू. बोगद्यात डोळे नसलेल्या मोठ्या अळ्या निघायच्या आणि वीज खाऊन टाकायच्या. त्यांच्यावर बंदूक चालवायची सोय होती. आक्का ती चालवू द्यायची नाही. अळी आली की ती गोमटेशच्या हातावर हात ठेवायची आणि म्हणायची, थांब, जाईल ती. अळी जायची नाही, वीज संपायची, गुहा हातची जायची. म्हणून शेवटची गुहा त्यांची कधी पार झालीच नाही. पुढे सीडीला चरा पडला आणि खेळही संपला.

बी.एस्सी. झाल्यावर ब्राह्मी एका चातुर्मासात संघाबरोबर राहिली आणि परत आली ती घरच्यांची अनुमती मागायला. वडील दोन दिवस शाळेत गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी होकार दिला. दीक्षेच्या मंडपात तिला आधी नवरीसारखी नटवली, मग तिने आपल्या हाताने आपले केस उपटले. आई समोर पदर पसरून बसली होती. केस पदरात पडत होते आणि गोमटेश खांबाला टेकून बघत होता. नवीन नाव पुकारलं, लोकांनी जयजयकार केला. त्या दिवसापासून आईसुद्धा तिला माताजी म्हणू लागली. घरात ब्राह्मी हे नाव निघेना. गोमटेशच्या आणखी एक गोष्ट नंतर हळूहळू लक्षात आली. आक्का म्हणून हाक मारायला आता त्याला कुणीच राहिलं नव्हतं. दुकानात एखादी मुलगी मोठ्या बहिणीला 'आक्का, चल की' म्हणाली, की स्क्रू पिळणारा त्याचा हात थांबायचा.

खाण त्याला पुन्हा सापडली ती इंटरनेटवर. ती बनवणाऱ्या कंपनीने खेळ केव्हाच वाऱ्यावर सोडला होता आणि जुनी सीडी नव्या कॉम्प्युटरवर चालत नव्हती. पण लहानपणी तो खेळलेली माणसं जगभर होती. त्यातल्या काहींनी तो नव्याने बांधायला घेतला होता. कुणी अर्ध्यात सोडला, कुणाचा नुसता बोगदाच झाला. पोलंडमधल्या टोमाश नावाच्या एका बसड्रायव्हरने मात्र सोबत्यांना घेऊन सगळाच्या सगळा पुन्हा उभा केला. भिंती, दिवे, कुदळीचा आवाज, सगळं हुबेहूब. कुणी पैसे घेत नव्हतं, देत नव्हतं. गोमटेशने तो पहिल्यांदा सुरू केला तेव्हा बोगद्यातल्या पाण्याची टपटप ऐकू आली. गिऱ्हाईक समोर उभं होतं. त्याने त्याला संध्याकाळी यायला सांगितलं आणि शटर अर्धं खाली ओढलं.

मग तो त्यांच्यात सामील झाला. खेळ प्रत्येक भाषेत यावा म्हणून लोक आपापल्या भाषेत मजकूर करत होते. मराठीचं काम गोमटेशने घेतलं. दुकान सांभाळून, शब्द शोधत, खोडत, वर्षभर ते चाललं. आता शेवटचं राहिलं होतं. नव्या खेळात कामगारांच्या डोक्यावर नावं दिसणार होती, आणि ती ज्याने त्याने आपल्या मुलखातली द्यायची होती. आक्काने ठेवलेली सगळी नावं गोमटेशने आठवून लिहिली. शामू, मालुबाई, भावकू, नागुबाई, मारुतीराव. एक जागा रिकामी ठेवली. तिथे त्याला ब्राह्मी लिहायचं होतं. पण संसाराबरोबर टाकलेलं नाव, विचारल्याशिवाय लिहायला त्याचा हात होईना.

सौंदलगा जवळ आला तेव्हा माताजीच बोलल्या. मागे न बघता, संघात बोलतात तशा शुद्ध भाषेत त्यांनी विचारलं, की गोमटेशला खडे टोचत असतील, त्याने चपला का घातल्या नाहीत. गोमटेश म्हणाला की टोचत नाहीत. मग एकदम, पुन्हा धीर होणार नाही या भीतीने, त्याने सांगून टाकलं.

"माताजी, आपली खाण परत आलीया."

माताजी चालत राहिल्या. जरा वेळाने म्हणाल्या, "तिला तर चरा पडलेला न्हवं?"

त्यांचं शुद्ध बोलणं कुठे गेलं, त्यांनाही कळलं नसावं. त्याने पोलंडच्या ड्रायव्हरची, सगळ्या लोकांची हकीकत सांगितली. बाजूने ट्रक जात होते, मधेच आवाज बुडत होता. बाकीच्या दोघी माताजींनी चाल थोडी कमी केली होती. त्याही ऐकत असाव्यात.

"एवढं कष्ट कशाला घेतलं त्यांनी?" माताजींनी विचारलं.

"आठवण येत होती म्हणून."

"मग मिळालं का त्यांना?"

"खेळ मिळाला," गोमटेश म्हणाला.

रस्त्यावर मुंग्यांची रांग होती. तिघीही थांबल्या, रांग चुकवून कडेने गेल्या. मागच्या बायकांनीही तसंच केलं.

"शेवटची गुहा झाली तुझी?"

"झाली."

"आणि अळ्या?"

"न्हाय मारल्या. बसून राहिलो. ह्यात जरा जास्त वेळ थांबलं की त्या आपणहून माघारी जात्यात. मागल्या खेळात बी जात असतील. आपल्यालाच दम नव्हता."

माताजींच्या चेहऱ्यावर हसू आलं. गोमटेशने ते बाजूने पाहिलं. दात तेच होते, पुढचा एक थोडा आत गेलेला. मग त्याने नावाचं विचारलं. विचारताना तो तुम्ही म्हणाला आणि नाव घेताना अडखळला.

"ते नाव मी ठेवून आले, गोमटेश," माताजी म्हणाल्या. "आता द्यायला माझ्यापाशी न्हाय, आन नको म्हणायला बी न्हाय. तुझं मन काय म्हणतंय ते कर."

एवढंच. मग एका म्हाताऱ्या श्रावकाने काही शंका विचारली आणि त्या पुन्हा शुद्ध भाषेत त्याला समजावू लागल्या.

कोगनोळीत बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, मागच्या खोलीत आईने चौका मांडला होता. सोवळ्यातली चूल, झाकलेली भांडी, पुसलेला पाट. गावातल्या आणखी तीन घरांनी चौके मांडले होते. माताजी मनाशी काहीतरी नेम धरून निघतात. तो जिथे जुळेल तिथेच आहार घेतात, नाही जुळला तर उपास. नेम काय ते कुणाला सांगत नाहीत. त्यामुळे मुलगी आपल्या दारात थांबेल की नाही, हे आईला माहीत नव्हतं. ती हातात कलश आणि नारळ घेऊन दारात उभी राहिली. शेजारी अनुराधा, मागे गोमटेश.

अनुराधाच्या डोळ्यांत आधीच पाणी होतं. आईने तिला हलक्या आवाजात सांगितलं, "डोळं पूस. आत रडायचं न्हाय. आहाराला कुणाच्या डोळ्यातनं पाणी आलं की अंतराय हुतोय. ती हात सोडून उठंल, उद्यापतुर उपाशी ऱ्हाईल."

बाकीच्या दोघी माताजी शेजारच्या दारांशी थांबल्या. संवेगमती माताजी गल्लीच्या तोंडाशी आल्या. एक चौका ओलांडला. दुसरा ओलांडला. आईने वंदामि म्हणून पुकारलं. आवाज थोडा फाटला, पण ती म्हणत राहिली. माताजी पुढे गेल्या, चार पावलांवर थांबल्या, वळल्या आणि आईच्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

आईने मुलीला प्रदक्षिणा घातली. पाय धुतले. आत नेऊन पाटावर बसवलं. माताजींनी दोन्ही हातांची ओंजळ केली आणि आई तिच्यात घास ठेवू लागली. भाकरीचा कुस्करा, दूध, मुगाची डाळ. प्रत्येक घास आधी बोटांनी चाचपून बघायची. केस, किडा काही निघालं तरी सगळं थांबणार होतं. लहानपणी ब्राह्मी दुधाची साय बाजूला काढायची. आईने साय आधीच काढली होती. ते बघून गोमटेशने मान वळवली, छताकडे पाहिलं, श्वास धरला. आईकडे त्याने पाहिलं तेव्हा तिचे डोळे कोरडे होते. ती एखादं बारीक शिवणकाम करावं तशी सगळं लक्ष लावून घास देत होती.

मग पाणी द्यायची पाळी त्याची आली. तांब्या तिरपा करून त्याने ओंजळीत धार धरली. माताजी मान खाली घालून पीत होत्या. एकदा त्यांनी अंगठा किंचित हलवला, पुरे म्हणून. तो थांबला. आहार नीट पार पडला.

सामायिक, म्हणजे दुपारचं ध्यान, झाल्यावर संघ निघाला. पुलापर्यंत सगळे गेले. तिथे माताजींनी सगळ्यांवर आशीर्वादाची पिंछी धरली. आईवर जितका वेळ, तितकाच बाकीच्यांवर. आणि त्या तिघी नदीपलीकडे चालू लागल्या. आई रिक्षात बसली, पदर तोंडाशी घेतला आणि मग पोटभर रडली. अनुराधाने तिला जवळ घेतलं. रिक्षावाला बाहेर जाऊन उभा राहिला.

गोमटेश पुलाच्या कठड्याशी थांबला. मोबाइल काढला. रिकाम्या जागेत ब्राह्मी लिहिलं आणि खोडलं. ते नाव त्याने लहानपणी कधी उच्चारलंच नव्हतं. ते शाळेतल्या हजेरीचं, वडिलांच्या तोंडचं नाव होतं. मग त्याने आक्का लिहिलं, आणि सगळी नावं पोलंडला पाठवून दिली.

रिक्षा निपाणीच्या बाजूला वळली तेव्हा उत्तर आलं. टोमाशने आभार मानले होते. बाकीची नावं त्याने शोधून पाहिली, सापडली. हे शेवटचं मात्र त्याला नावांमध्ये कुठेच मिळालं नव्हतं. हे कुणाचं नाव आहे, असं त्याने विचारलं होतं.

गोमटेशने लिहिलं, की हे नाव नाही. आमच्याकडे थोरल्या बहिणीला अशी हाक मारतात.

जरा वेळाने टोमाशने विचारलं, ही हाक कशी मारायची, म्हणून दाखवशील का? सगळ्यांनाच कळेल.

गोमटेशने मोबाइल तोंडाशी धरला. रिक्षाचा आवाज होता, म्हणून त्याने जरा मोठ्याने म्हटलं. शेजारी बसलेल्या आईने पदर खाली घेतला आणि त्याच्याकडे बघितलं. तिने त्याचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि निपाणी येईपर्यंत तसाच धरून ठेवला.