मला पाण्यात सोडू नका

मी एक जुनी समुद्री गोगलगाय आहे. जुनी म्हणजे आमच्या हिशेबाने. वर्षभर जगले की आमच्यात आजीबाईच म्हणायचे. माझ्या पाठीवर शंख नाही. घर पाठीवर घेऊन निवांत राहणाऱ्या चुलत बहिणींसारखे मला एका जागी स्वस्थ बसता येत नाही.

माझा जन्म दूरच्या एका बंदरात, होडीच्या तळाला चिकटलेल्या शेवाळात झाला. होडी निघाली आणि बिऱ्हाडासकट मीही निघाले. मला कोणी विचारले नाही. पाणी गार होत गेले, ओळखीचे वास संपले.

होडीवाला आपल्या थोरल्या बहिणीकडे चालला होता. ती उथळ खाडीत जाळीच्या पेट्यांमध्ये शिंपल्या वाढवते, त्यावरच तिचे घर चालते. बहिणीच्या दारी घाणेरडी होडी कशी न्यायची, म्हणून त्या भल्या माणसाने तिच्याच पाण्यात उभे राहून तळ खरवडला. शेवाळासकट मी थेट पेट्यांपाशी पडले. माझ्या जातीच्या आणखी कितीतरी जणी पडल्या.

मित्रांनो, मी भुकेली होते. कोवळ्या शिंपल्या गोड होत्या आणि तिथे आम्हाला खाणारे कोणीच नव्हते. आम्ही खाल्ले, अंडी घातली, मग पिल्लांनी खाल्ले. हंगाम संपताना ताईने पेट्या उचलल्या, तर दोन सोडून बाकीच्यांत नुसती टरफले खुळखुळली. ती बराच वेळ रिकाम्या पेटीवर बसून राहिली. मग पदर खोचून तिने आम्हाला वेचायला सुरुवात केली.

आता मी, येणाऱ्या होडीवाल्यांना दाखवायला म्हणून, तिच्या खिडकीतल्या खाऱ्या पाण्याच्या बरणीत आहे. दिवसभर काचेवरून गोल गोल फिरते. इथून खाडी दिसते आणि जीव नुसता कासावीस होतो.

काल भाऊ आला. बरणीत डोकावून म्हणाला, "ताई, किती तळमळतेय गं ही! सोडून येऊ का?"

"तुझ्या चांगुलपणानेच बुडवलंय मला," ताई म्हणाली. "यापुढे होडी कोरड्यावर ओढून धू, तेवढं केलंस तरी पुष्कळ झालं."

भाऊ खजील झाला. तरी त्याचा हात झाकणावरून निघेना.

मित्रांनो, मला त्या पाण्यात जायचे आहे. खोटे कशाला बोलू? पण कोणी दया येऊन झाकण उघडलेच, तर मी काही सुधारणार नाही. मला भूक लागेल, आणि ताईच्या वाचलेल्या दोन पेट्या समोरच आहेत. मला हात नाहीत, नाहीतर जोडले असते. झाकण घट्ट लावा.