दयेची अंगठी काळी का पडते

खमरियाच्या दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टरांमागच्या मैदानात रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. बायकांची लांब रांग लागली होती. प्रत्येकीच्या बोटात चांदीची पातळ अंगठी, तिच्यावर 'दया' कोरलेलं, आणि बहुतेक अंगठ्या काळ्या.

तख्तावर सुमिरनबाबा बसला होता. शेजारी शेगडीवर जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, पातेलं उकळत होतं. बाबा काळी अंगठी त्यात टाकी, झोळीतलं पांढरं भस्म सोडी आणि अकरा वेळा मंत्र म्हणे. अंगठी वर निघे ती लखलखीत. बदल्यात बाबा रेशनची साखर घेई. लढाईच्या त्या दिवसांत दया मिळत होती, साखर मिळत नव्हती.

"चाँदी झूठ नहीं बोलती," बाबा सांगे. "दया करोगे, सफेद रहेगी. मन में मैल आया, काली पड़ेगी."

बोटाकडे नजर गेली की दयेची आठवण व्हावी, एवढंच तो पहिल्या दिवशी अंगठ्या वाटताना म्हणाला होता. मग थंडीत अंगठ्या काळ्या पडू लागल्या आणि बाबाला धंदा सापडला.

काळ्या पडत त्या बायकांच्या. कारखान्यातल्या पुरुषांच्या पांढऱ्याच राहत. खमरियातले सगळे पुरुष दयाळू निघाले, यावर एकाही पुरुषानं शंका घेतली नाही.

रत्नाकर रांगेच्या शेवटी उभा होता. तो बारूद भरायच्या खात्यात कामाला होता. त्याच्या बोटातली अंगठी पांढरी होती. खिशातल्या रुमालात दुसरी होती, कोळशासारखी. ती अनसूयेची, त्याच्या बायकोची. दिवाळीनंतर ती तापानं गेली, तेव्हा तिच्या बोटातून काढलेली. बाबानं ती पाहून मान हलवली होती. "जाते जाते भी मन में गुस्सा था, बेटा. किसी अपने पर."

अपना कोण, हे रत्नाकरला विचारावं लागलं नाही. तिला पनागरला आईकडे जायचं होतं. तो म्हणाला होता, लढाई चालू आहे, सुट्टी कुठली. मग ती आजारी पडली आणि जायचं राहूनच गेलं. दोन महिने त्याच्या डोक्यात एकच होतं: ती रागावून गेली.

त्याच्यापुढे शाळेच्या हेमलताबाई होत्या, हातात पिशवी घेऊन. त्यांची अंगठी सगळ्यांत काळी. बाबानं त्यांना खमरियातली सर्वांत निर्दय बाई ठरवल्यापासून नऊ घरांनी मुली शाळेतून काढल्या होत्या.

"बाई, तुम्हीही धुवायला आल्या?" रत्नाकरनं विचारलं.

"नाही भाऊ. निर्दय बाईचं एक काम राहून गेलं होतं."

पाळी आल्यावर बाईंनी बाबाच्या ताटातली कोरी अंगठी उचलली. "बाबाजी, ये नयी है ना? इसने किसी का बुरा तो नहीं किया?"

"बिल्कुल शुद्ध, बेटी."

बाईंनी पिशवीतून खरजेच्या मलमाची डबी काढली. त्या थंडीत घरोघरी पोरांना खरूज झाली होती आणि दवाखाना हेच पिवळं मलम वाटत होता; शाळेतल्या पोरींना ते बाई स्वतः लावत. अंगठीला मलम फासून त्यांनी ती चिंधीत बांधली आणि शेगडीजवळ ठेवली. "अब भजन होने दो."

तीन भजनं झाली. चिंधी सोडली. अंगठी काळी.

"तीन भजन सुने इसने," बाई म्हणाल्या. "गुस्सा किस पर आया?"

मागून कुणी तरी खुदकन हसलं. बाबा म्हणाला, "तुम्हारे हाथ का मैल है."

"तो मैं ही धोती हूँ."

त्यांनी स्वतःचं जर्मनचं पातेलं शेगडीवर चढवलं. पाणी उकळल्यावर खाण्याचा सोडा आणि मीठ टाकून अंगठी तळाशी सोडली आणि बेचा पाढा म्हटला. बे दाहे वीस झाल्यावर अंगठी काढली. पांढरी.

"मलमात गंधक असतो," त्या म्हणाल्या. "गंधकानं चांदी काळी पडते. जर्मनच्या भांड्यात सोड्याचं गरम पाणी ती पुन्हा उजळवतं. बाबाचं भस्म म्हणजे सोडा. त्यांना हेच पितळेच्या पातेल्यात करायला सांगा. अकराशे मंत्र म्हटले तरी होणार नाही."

"मग आमच्या ह्यांची काहून काळी पडत नाही?" शेजारच्या क्वार्टरमधल्या शैलजावहिनींनी विचारलं.

उत्तर रत्नाकरनं दिलं.

"वहिनी, बारुदीत धातू चालत नाही. ठिणगी पडते. आम्ही गेटवरच अंगठ्या खिळ्याला टांगतो. आणि घरी पोरांना मलम कोण लावून राहिलं?"

"आम्हीच."

"म्हणजे हे काहीच करत नाहीत म्हणून पांढरी," एक म्हातारी म्हणाली. बायका खदखदून हसल्या.

रत्नाकर हसला नाही. त्यानं खिशातला रुमाल सोडून काळी अंगठी तळहातावर घेतली होती.

आजारात अनसूयेच्याही हातांना खरूज झाली होती. रोज संध्याकाळी रत्नाकरच त्यांना मलम चोळायचा. गंधक म्हणजे बारुदीतलाच माल, म्हणून सवयीनं आधी स्वतःची अंगठी काढून खिळ्याला लावायचा. तिची मात्र तिच्या बोटातच असायची.

तोवर बाबानं पातेलं आवरलं होतं. त्याच्या साखरेच्या पोत्यावर दोन बायका बसल्या होत्या. तो पोतं सोडून निघाला.

"आणा ती अंगठी," बाई रत्नाकरला म्हणाल्या. "उजळून देते."

"राहू द्या, बाई. मीच केली आहे ती काळी."

अंगठी आठवण करून देते. तेवढंच तिचं काम. कुणाच्या मनात काय होतं, हे चांदीला कळत नाही आणि बाबालाही नाही. कुणी चमत्कार दाखवला तर भांडं कशाचं आहे ते बघा, पुडीत काय आहे ते विचारा. आणि आपल्या माणसाचं मन जाणायचं असेल, तर त्याच्यासोबत काढलेले दिवस आठवा. रत्नाकरनं त्या दिवशी घरी जाऊन तेच केलं. अनसूया रोज संध्याकाळी, तो बोलवायच्या आधी, स्वतःच हात पुढे करायची.