एकशे एकवीस

लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, पण सुमेधाताईंनी आपलं वजन नवऱ्याला कधीच सांगितलं नव्हतं. सूर्यभान हैदराबादच्या काचीगुडा स्टेशनवर तिकिटं द्यायचे, आता रिटायर झाले होते. अंगाने अगदी काडी. ताई पोस्टात हेडक्लार्क. दोघं चिक्कडपल्लीच्या घरातून स्कूटरवर निघाले, की समोरचा इडलीवाला हातातलं काम थांबवून बघायचा.

त्यात ताईंच्या बेंबीपाशी हर्निया निघाला. दिलसुखनगरच्या दवाखान्यात तपासणीच्या दिवशी वजनकाट्यापुढे ही लांब रांग, आणि ताईंच्या बरोबर मागे एक ओळखीची बाई. ताई नर्सला हळूच म्हणाल्या, "घरी कालच केलंय. शहाण्णव." नर्स घाईत होती, तिने लिहून घेतलं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी यादम्मा नावाची म्हातारी आया हिरवा गाऊन घेऊन आली. पाठीमागे नाड्या असलेला. ताईंनी तो घातला, तर दोन नाड्यांच्या मध्ये वीतभर पाठ उघडी राहिली. यादम्माने मागे उभं राहून थोडा वेळ विचार केला, मग दुसरा गाऊन आणला आणि उलटा चढवला.

"एक आगे से, एक पीछे से," ती समाधानाने म्हणाली. "अब कौन देखता अम्मा?"

मग स्ट्रेचर आलं. ताई त्यावर आडव्या झाल्या, पण बाजूचा कठडा काही वर येईना. स्ट्रेचर आणणाऱ्या दोघांनी मिळून तो ओढला तेव्हा तो खटकन बसला आणि ताईंच्या दंडाला चिमटा घेऊन गेला. लिफ्टपाशी पोचतात तोच त्यांना पोस्टातली मंडळी दिसली. काउंटरवरचा निखिल हातात फुलांचा गुच्छ घेऊन, आणि शेजारी रेणुका. उद्या सगळ्या ऑफिसात दोन गाऊनांची गोष्ट होणार! ताईंनी अंगावरची चादर सर्रकन तोंडावर ओढून घेतली.

रेणुकाने स्ट्रेचरमागून चालणारे सूर्यभान पाहिले, मग चादर पाहिली, आणि तिने हंबरडा फोडला.

"मॅडम! अहो मॅडम, असं कसं झालं हो!"

निखिलने गुच्छ स्ट्रेचरवर पायांशी ठेवला आणि हात जोडले. लिफ्टमधली दोन माणसं चपला काढून उभी राहिली.

"अगं, जिवंत आहे मी!" चादरीतून आवाज आला. "अजून ऑपरेशन व्हायचंय!"

रेणुका आणखीनच रडायला लागली. यादम्माला हसू आवरेना. सूर्यभान मात्र गुच्छ उचलून म्हणाले, "फुलं चांगली हायत. घरी नेतो."

ऑपरेशन थिएटरच्या आधी एक छोटी खोली होती. तिथे भूल देणाऱ्या डॉक्टर ईशा भेटल्या. पुण्याच्या, लग्नानंतर हैदराबादला आलेल्या. त्यांनी कागद पाहिला, ताईंकडे पाहिलं, पुन्हा कागद पाहिला.

"ताई, शहाण्णव?"

"तेवढंच असेल की."

"औषधाचा डोस वजनावर ठरतो. जास्त झाला तर पंचाईत, कमी पडला तरी पंचाईत. मी अंदाजाने देऊ?"

"नक्को, नक्को!" ताई घाबरल्या. इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "कानात सांगते. इकडे या."

डॉक्टर वाकल्या. ताईंनी त्यांच्या कानात आकडा सांगितला. डॉक्टरांनी मान हलवली, सरळ उभ्या राहिल्या आणि पलीकडच्या नर्सला मोठ्याने म्हणाल्या, "वन ट्वेंटी-वन. करेक्ट करा."

नर्सला नीट ऐकू आलं नाही. "नूट इरवै ओकटी?" तिने तेलुगूत ओरडून विचारलं.

"अव्वुनु!" दुसरी नर्स तिकडून म्हणाली. बरोबर.

टेबलावर उचलून ठेवायला आलेल्या वॉर्डबॉयने दार उघडलं आणि बाहेर हाक मारली, "एक सौ इक्कीस किलो है! और तीन जने आओ!"

ताईंनी डोळे मिटून घेतले. लपवायला आता काही उरलंच नव्हतं. गंमत म्हणजे त्यांचा श्वास एकदम मोकळा झाला. चौघांनी "एक, दो, तीन" म्हणून त्यांना उचलायला घेतलं, तेव्हा त्याच म्हणाल्या, "थांबा रे बाबांनो, मीच सरकते. तुमचीच ऑपरेशनं करावी लागतील नाहीतर."

पाठीत इंजेक्शन द्यायचं होतं. डॉक्टर म्हणाल्या, "मांजर पाठ फुगवतं ना, तसं वाका."

"मला पोट आहे डॉक्टर. मांजराला नसतं."

एकदा सुई लागली नाही. दुसऱ्यांदा लागली. पाय कोमट झाले, मग जणू कुणा दुसऱ्याचेच झाले. समोर हिरवा पडदा बांधला गेला. जागं राहून सगळं ऐकायचं असं ताईंनी ठरवलं होतं, पण दहा मिनिटांत त्या घोरायला लागल्या. सर्जनने मशीन बिघडलं की काय म्हणून दोनदा विचारलं, असं नंतर यादम्माने सांगितलं.

संध्याकाळी वॉर्डात सूर्यभान पलंगाशेजारी बसून मोसंबं सोलत होते. ताईंनी बराच वेळ धीर गोळा केला.

"अहो, तुम्ही सकाळी दाराशीच होता का?"

"हौ."

"मग ते... ओरडला ते ऐकलंत?"

"हौ. सगळ्या मजल्याने ऐकलं."

सूर्यभानांनी एक फोड ताईंपुढे धरली, मग आठवून मागे घेतली, कारण अजून खायला मनाई होती. ती स्वतः खात ते म्हणाले, "मला फॉर्ममध्ये खाडाखोड करावी लागली. विम्याच्या."

"का?"

"मी त्यात एकशे तीस लिहिलं होतं."

"एकशे तीस!" ताई उशीवरून उठायलाच लागल्या. "मी एकशे तीस दिसते तुम्हाला? आणि तुम्हाला कुणी सांगितलं? मी तर कधी चकार शब्द काढला नाही!"

"सांगायचं काय त्यात? एकतीस वर्षं स्कूटर कोण चालवतंय?"

ताईंना हसू फुटलं. हसताना टाके ओढले गेले, म्हणून त्या "आई गं" ओरडल्या, मग स्वतःच्याच ओरडण्याला हसल्या, आणि पुन्हा "आई गं" ओरडल्या. नर्स धावत आली, पोटावर हात ठेवून टाके पाहिले, आणि सूर्यभानांना मोसंब्यासकट वॉर्डाबाहेर काढलं.