तिसऱ्या कडव्यातली बांगडी

आचलचं लग्न झालं ते साल २०२४. शिकायला म्हणून आजोबांकडे राहिलेली ही नात सासरी गेली आणि अकोल्याच्या जठारपेठेतल्या घरात पुंजाजी एकटे उरले. मुलगा ललित पुण्याहून रोज फोन करून "जेवले का?" एवढंच विचारी. एरवी दिवसभर घरात कोणाचा आवाज म्हणून नसे.

म्हणून एका सकाळी त्यांनी अमरावतीची एसटी धरली. गोवर्धनदादांच्या घराचं तिथं संग्रहालय झालं होतं. भीमगीतांना चाली लावणारे दादा. त्यांच्या गायन पार्टीत पुंजाजी ढोलकीवर आणि बायको पंचफुला कोरसमध्ये. घरची कॅसेट कधीच गुंतून तुटली होती. पंचफुलाचा आवाज आता असला तर तिथंच होता.

तसा तो चार बायांच्या आवाजात मिसळलेला. पण तिची एक खूण होती.

रेकॉर्डिंगच्या दिवशी दादा म्हणाले होते, "बायांनो, बांगड्या काढून ठेवा. मशीनीत वाजतेत."

बाकीच्यांनी काढल्या. पंचफुला म्हणाली, "माह्या नाई निघत, दादा. निंदणानं मनगट जाड झालं. फोडा लागतीन. मंग नव्या तुमी भरून देता काय?"

सगळे हसले. दादाही हसले. शेवटी पुंजाजींनी गळ्यातली दस्ती काढून तिच्या हाताला गुंडाळली. पण तिसऱ्या कडव्यात टाळी देताना दस्ती सुटली आणि बांगडी वाजली, किण! दादांनी कपाळाला हात लावला. स्टुडिओची वेळ संपत आलेली, मग ते तसंच राहिलं. पुढं जन्मभर पुंजाजी तिला चिडवत, "गाण्यात तुह्यं नाव नाई, पण बांगडीचं हाये."

संग्रहालयात दादांची पेटी होती, चष्मा होता, काचेआड ती जुनी टेपही होती. तिथं बसणाऱ्या प्रणालीनं त्यांना खुर्ची दिली आणि कानावर हेडफोन चढवले.

"कोणतं गाणं लावू, आजोबा?"

"विहिरीचं."

ढोलकी सुरू झाली. त्यांचीच, तरण्या हाताची. मग बायांचा कोरस. पुंजाजींनी डोळे मिटले. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्यात टाळी आली आणि ते श्वास रोखून बसले.

टाळी पडली. गाणं पुढं गेलं.

"पोरी, पुन्हा लाव बरं."

तिनं लावलं. पुन्हा तसंच.

"इथं एक बांगडी होती," ते म्हणाले. "कुठं गेली?"

प्रणाली आनंदानं म्हणाली, "खरखर, खोकला, सगळं काढलं जी आमी कॉम्प्युटरवर. किती साफ झालं, नाई?"

"त्या टेपवर असंन ना?"

"ती आता वाजत नाही, आजोबा. धरली का तुटते. साफ केलेलंच ठेवलं आमी."

पुंजाजींनी हेडफोन नीट बसवले. मग म्हणाले, "अजून एकदा लाव." या वेळी त्यांनी खिशातून घराची किल्ली काढली आणि तिसऱ्या कडव्यात, बरोबर टाळीला, काचेवर टिचकवली.

"आजोबा! काचेले काहून मारता?"

"तपासून पाहिलं," ते म्हणाले. किल्लीचा आवाज लोखंडाचा. तो काही जुळला नाही. किल्ली खिशात ठेवून ते उठले.

"कोणाची होती बांगडी?" प्रणालीनं दारापर्यंत येत विचारलं.

"बायकोची."

"मंग त्यायलेबी आणा ना पुढच्या खेपेला."

पुंजाजींनी मान हलवली आणि चपला घातल्या. परतीच्या एसटीत मूर्तिजापूरपर्यंत शेजारची जागा रिकामीच होती. त्यांनी तिच्यावर दस्ती घडी करून ठेवली. मग एक माणूस चढला, तेव्हा उचलून घेतली.

पंचफुला २०२१ च्या मे महिन्यात अकोल्याच्या दवाखान्यात कोरोनानं वारली, तिला घरी आणू दिलं नाही. बांगड्या तिच्या हातातच होत्या.