सात नंबरच्या बाईचे डोळे

"साडेतीनला उठवा, मावशी. काही झालं तरी साडेतीनला," ड्रायव्हरबाई म्हणाली आणि खुर्ची पुरती मागे रेलायच्या आतच तिची मान कलली.

डबीमावशीच्या हातातला ओला टॉवेल हातातच राहिला. खुर्चीत झोपणारी गिऱ्हाइकं तिला नवी नव्हती. चेहऱ्यावरून हात फिरला की दहातल्या सहा बायका पेंगायच्या, दोघी घोरायच्या आणि उरलेल्या दोघी उठल्यावर 'मी काही झोपले नव्हते हं' असं शपथेवर सांगायच्या. पण हात लागायच्या आधीच झोपलेली बाई बावीस वर्षांत ती पहिल्यांदाच पाहत होती.

पार्लर म्हणजे रस्त्याला लागून एक खोली. एक आरसा, एक खुर्ची, एक बाकडं आणि भिंतभर फळ्यांवर डब्या. बामाच्या, गोळ्यांच्या, मलमाच्या रिकाम्या डब्या धुऊन, उकळून मावशी त्यांत आपली क्रीमं भरायची. मेण, तेल, ग्लिसरीन, एवढाच कारभार. महागाच्या बरणीत निम्मे पैसे झाकणाचे असतात, असं तिचं म्हणणं होतं. त्या डब्यांवरून तिला नाव पडलं आणि मूळचं नाव लोक विसरले.

सुंदर दिसायचं तर आधी झोपा, हे तिचं दुसरं म्हणणं. त्यासाठीही तिच्याकडे स्वस्तातले उपाय होते. शिंप्याकडून अस्तराचे उरलेले गुळगुळीत तुकडे आणून ती उशीचे अभ्रे शिवायची. त्यावर केस तुटत नाहीत आणि गालावर वळ उठत नाहीत. फ्रीजमध्ये दोन चमचे कायमचे ठेवलेले, सुजलेल्या डोळ्यांवर पालथे घालायला. झोपायच्या आधी पाय कोमट पाण्यात, मग तळव्यांना क्रीम आणि वर मोजे. बायका हसायच्या. हसून घरी जायच्या आणि दोन आठवड्यांनी दुसरी डबी न्यायला यायच्या.

खरं सांगायचं तर मावशीला दुसऱ्याच्या झोपेची भारी चौकशी. चेहरा हातात आला की तिला कळायचंच. कोण डाव्या कुशीवर झोपतं, कोण दातावर दात रोवून झोपतं, कोणाच्या उशीत नुसता अश्रूंचा खार साठतो. कळलं तरी विचारल्याशिवाय बोलायचं नाही, हा नेम तिने पाळला होता. जीभ आवरायची, पण डोकं कुठे आवरतं?

ड्रायव्हरबाई तिच्या ओळखीची होती ती बसमधली. सात नंबरची बस तीच चालवायची आणि मावशी रोज त्याच बसने पार्लरला यायची. पुढच्या सीटवर बसून एवढ्या मोठ्या गाडीला वळणावर लोण्यासारखं वळवणारे ते हात पाहण्यात मावशीचा अर्धा तास कसा जायचा ते कळायचं नाही. आज ती बाई पहिल्यांदाच पार्लरची पायरी चढली होती, आणि आल्या आल्या तिने काम सांगितलं होतं. डोळ्यांखालचं काळं झाकायचं. चार वाजता डेपोत डॉक्टरपुढे उभं राहायचं आहे. मागच्या आठवड्यात सिग्नलला ब्रेक उशिरा लागला, पुढच्या मोटारीला गाडी टेकता टेकता राहिली, आणि कुणीतरी तक्रार केली. दोन सेकंद कुठे गेले तेच कळलं नाही, असं ती स्वतःच म्हणाली. डॉक्टर फार काही तपासत नाही. तोंड बघतो आणि सही करतो. तोंड तेवढं ताजं दिसायला हवं.

मावशीने चमचे आणले, पाच मिनिटं डोळ्यांवर ठेवले. बाई हललीही नाही. मग मावशीने चेहरा हातात घेतला, आणि तिची चौकशी जागी झाली. दोन्ही गालांवर उशीचा एकही वळ नाही. मानेच्या वर, डोक्याच्या मागच्या बाजूला मात्र केस तुटून भुरभुरीत झालेले. म्हणजे ही बाई भिंतीला डोकं टेकून, बसून झोपते. का बरं? घरात अंथरूण नाही असं काही तिच्याकडे बघून वाटत नव्हतं. मग मावशीचं लक्ष हातावर गेलं. डाव्या मनगटाभोवती बारीक गोल वण होता. घड्याळाचा पट्टा असा उमटत नाही. हा दोरीचा वण, रोज त्याच जागी पडून पक्का झालेला.

आपलं तोंड आपणच बंद ठेवून मावशी कामाला लागली. काळ्यावर थेट पांढरं थापलं की राखाडी दिसतं, हे नव्या पोरींना कळत नाही. आधी नारिंगी लिपस्टिकचा बोटाने नुसता आभास द्यायचा, म्हणजे काळं मरतं. मग वर कातडीच्या रंगाचं क्रीम, मग पावडर. उजवा डोळा पुरा झाला तसं मावशीने दोन पावलं मागे सरकून पाहिलं.

उजवीकडून पाहिलं तर आठ तास झोपून, न्हाऊन, पोटभर खाऊन आलेली बाई. डावीकडून पाहिलं तर तीन दिवस उन्हात पडलेलं फडकं. एकाच तोंडात दोन बायका. आपल्या हाताचं कौतुक वाटायचं ते राहिलं बाजूला, मावशीने हातातली पावडरची डबी खाली ठेवली. डॉक्टर सही करणार. उद्या सकाळी ही गाडी काढणार. पुढच्या सीटवर मी बसणार. आणि ते दोन सेकंद?

सव्वातीन झाले होते. मावशी बाकड्यावर बसली, उठली, पुन्हा बसली. साडेतीन वाजले तेव्हा ती खुर्चीपाशी गेली, बाईच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मग तो उचलला. कापसाचा बोळा तेलात बुडवून तिने उजवा डोळा पुसून काढला. रस्त्याकडचा पडदा ओढला आणि दाराला आतून कडी लावली.

ड्रायव्हरबाई पावणेसहाला जागी झाली. आधी तिने घड्याळ पाहिलं, मग आरसा, मग मावशी.

"साडेतीनला म्हणाले होते मी."

"हो."

"तुम्ही जाग्या होतात?"

"जागीच होते. मुद्दाम नाही उठवलं तुला."

बाईने पायांत चपला घातल्या. मग दारापाशी जाऊन वळली. "मला शौक आहे का हो जागायचा? माझे बाबा रोज पहाटे तीनला उठून ड्युटीवर निघतात. तीस वर्षं सात नंबर चालवली त्यांनी, आणि आता घरचा रस्ता आठवत नाही. दोनदा हमरस्त्यावरून धरून आणलंय. कडी लावली तर दारावर डोकं आपटतात. दिवसा शेजारीण बघते, पण रात्रभर मी त्यांचा हात दोरीने माझ्या हाताला बांधून बसते. त्यांच्या औषधाला माझा पगार लागतो. तुम्हाला काय, तुम्ही चमचे ठेवा लोकांच्या डोळ्यांवर."

मावशीने दाराची कडी काढून दिली.

तपासणी चुकवली म्हणून बाईला गाडीवरून उतरवलं. दोन महिन्यांनी पुढची तारीख, तोवर चौकशीच्या खिडकीत बसायचं, आणि वरचा भत्ता बंद. त्या तारखेलाही डॉक्टर नाही म्हणाला तर गाडी कायमची गेली. हे मावशीला बसच्या कंडक्टरने सांगितलं. सात नंबरवर आता एक तरणा गडी आला होता. तो वळणावर गाडी अशी फिरवायचा की माणसं एकमेकांच्या मांडीवर. मावशी पुढच्या सीटवर बसेनाशी झाली. आपण बरोबर केलं की चूक, हे तिला ठरवता येत नव्हतं. गाडीतल्या साठ माणसांचा विचार केला की वाटायचं बरोबर. त्या मनगटाचा विचार केला की वाटायचं, तिचा भरवसा मोडला, आपण कोण लागून गेलो? आणि या दोन्हींच्या खालून एक तिसराच प्रश्न उंदरासारखा कुरतडायचा: नोकरी संपली तरी तो म्हातारा अजून ड्युटीवर का निघतो?

तीन आठवडे कळ काढून, पार्लरच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी, कंडक्टरकडून पत्ता आणि फळीवरची एक डबी घेऊन मावशी त्यांच्या दारात उभी राहिली. ड्रायव्हरबाईने दार उघडलं, या म्हणाली नाही, आणि दार लावलंही नाही. मावशीने एवढ्यालाच आमंत्रण मानलं.

म्हातारा खिडकीपाशी ताठ बसला होता. दाढी केलेली, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. मावशी त्याच्यासमोर स्टूल ओढून बसली, हात बघू म्हणाली, आणि त्यानेही लहान मुलासारखा हात पुढे केला. तळव्यात अजून घट्टे होते. मावशी क्रीम चोळत बसली आणि चौकशा करत बसली. तिचा तो धंदाच. पहिली गाडी कितीला सुटायची? पावणेचारला. मग उठायचं कधी? तीनला. पावसात काच कशी पुसायची, चढावर कोणता गिअर, म्हातारा सगळं सांगत होता. बायकोचं नाव विचारलं तेव्हा मात्र त्याने खिडकीबाहेर पाहिलं.

"आणि ड्युटीवरून आलं की मग काय करायचं?" मावशीने विचारलं.

"आधी कागद जमा," म्हातारा म्हणाला. "किती फेऱ्या, किती डिझेल, गाडीत काय बिघाड. तो साहेबाने घेतल्याशिवाय माणूस सुटत नाही. मग चावी फळीवर. मग साबणाने हात. मग झोप."

"मग आज जमा केलात का?"

म्हातारा गोंधळला. त्याने खिसे चाचपले. एक, दुसरा, पुन्हा पहिला. "नाही," तो हळूच म्हणाला. "राहिलाय. कुणी घेतच नाही."

मावशीने मागे पाहिलं. ड्रायव्हरबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि तिच्या हातातली ताटली वाकडी झाली होती. या माणसाला निरोप दिला होता, हार घातले होते, पेन्शन लागू केली होती. पण त्याची शेवटची ड्युटी कोणी उतरवलीच नव्हती.

त्यानंतर फार बोलणं झालं नाही. ड्रायव्हरबाई आत गेली आणि कोरा कागद, पेन आणि कपाटाची चावी घेऊन आली. म्हातारा टेबलाशी बसला. त्याला आज कोणता वार ते सांगता आलं नसतं, पण कागदावर रेघा बरोबर पडल्या. फेऱ्या आठ. डिझेल पुरेसं. बिघाडाच्या रकान्यात तो बराच वेळ अडला आणि मग त्याने लिहिलं, 'दिवा मंद.' खाली सही केली. तीस वर्षांची ती सही एका झटक्यात आली.

ड्रायव्हरबाईने टेबलाच्या पलीकडे उभं राहून कागद घेतला, वाचला, घडी घातली. "जमा," ती म्हणाली. "तुम्ही सुटलात."

म्हाताऱ्याने मोठा श्वास सोडला. खांदे खाली आले, पाठीचा ताठा गेला. तो साबणाने हात धुऊन आला, पुसले, आणि फळी कुठे आहे ते शोधू लागला. मग चावी मुठीत तशीच धरून त्याने विचारलं, "उद्या सात नंबर कोण काढणार?"

"मी आहे ना," ड्रायव्हरबाई म्हणाली आणि तिने चावीसाठी हात पुढे केला.

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. आपल्या लेकीकडे पाहतोय असं त्याच्या नजरेत काही नव्हतं. नव्या माणसाला जोखावं तसं त्याने तिला खालून वर न्याहाळलं.

"नवी दिसतेस. बायकाही चालवतात का आता? चांगलं आहे." मग जरा पुढे वाकून तो तिच्या डोळ्यांत पाहत राहिला. "पण आज नाही. असल्या डोळ्यांच्या माणसाला मी चावी देत नाही. गाडीत लोक असतात, पोरी. जा, आधी झोप काढ."

ड्रायव्हरबाईने पुढे केलेला हात मागे घेतला.

"बरं साहेब," ती म्हणाली.

बाहेर अजून ऊन होतं. भिंतीकडेच्या कॉटवर ती आडवी झाली आणि म्हाताऱ्याने खुर्ची ओढून दार आणि कॉट यांच्या मधोमध मांडली. तिला गाढ झोप लागली तरी तो हलला नाही. चावी मुठीत धरून, जाणाऱ्या-येणाऱ्याने आवाज करू नये म्हणून ओठांवर बोट ठेवून, तो बसून राहिला.