उभ्या उभ्या

पात्राला एक खोड द्या, म्हणजे ते आपोआप चालायला लागतं. हा माझा पहिला सल्ला. संकेतस्थळ चालवणाऱ्यांनी तो लेखाच्या वर ठळक अक्षरांत टाकला आणि खाली माझं टोपणनाव, ‘काना-मात्रा’. औषधांच्या खोक्यात घडी घालून पत्रकं येतात ना, त्यांची मुद्रितं मी तपासते. दिवसभर ‘जेवणाआधी’ आणि ‘जेवणानंतर’ डोळ्यांत तेल घालून बघायचं, त्यामुळे नाव मला शोभत होतं. निदान तेव्हा तरी मला तसं वाटत होतं.

हे संकेतस्थळ एका मालिकेच्या वेड्यांचं आहे. मालिका एका जुन्या हॉटेलची, आणि तिच्यात कुणालाच नाव नाही. मॅनेजर, आचारी, लिफ्टवाला, अशीच सगळी माणसं. मालिका संपली तरी आमचं पोट भरलं नाही, म्हणून तीच माणसं घेऊन आम्ही पुढच्या कथा लिहितो, पदरचं घालून. माझ्या वाट्याला आली किल्लीवाली. मालिकेत ती येते, पाहुण्याच्या हातात किल्ली ठेवते, ‘सांभाळून’ म्हणते आणि जाते. एवढ्याशा भांडवलावर मी तिच्या ढीगभर कथा लिहिल्या, आणि लोक म्हणायला लागले की मालिकेतल्यापेक्षा काना-मात्राची किल्लीवालीच खरी वाटते. मग पात्रं खरी कशी करायची, हे मला विचारलं नसतं तरच नवल.

खोड आणायची कुठून? लेखात मी लिहिलं की आजूबाजूला बघा, कान उघडे ठेवा. मी स्वतः माझ्या नणंदेकडे बघत होते, हे मात्र लिहिलं नाही.

नणंद म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. तोंडावर मी त्यांना ताई म्हणते. मनात, आणि नवऱ्याला चिडवायचं असलं की त्याच्यासमोर, ‘वन्सं’. नाक उडवून, जुन्या काळातल्या सुनेसारखं. ताई चष्म्याच्या दुकानात काउंटर सांभाळतात, एकट्या राहतात, आणि आमच्याकडे येतात त्या नेहमी उभ्या उभ्या. आपण सगळेच ‘बसत नाही हं, उभ्या उभ्या आलेय’ म्हणतो आणि मग बूड टेकवून तासभर गप्पा हाणतो. ताई शब्दाच्या पक्क्या. आत यायच्या, कपाटाला पाठ लावायच्या, आणि चहा, गप्पा, भावाची चौकशी, सगळं तिथूनच. आमचा सोफा चांगला खोलगट, मऊ, मी हौसेनं घेतलेला. त्याच्याकडे एकदा बघायच्या, मग माझ्याकडे, आणि म्हणायच्या, “छान आहे हो.” मला वाटायचं, या बाईला माझं घर वरून तपासायचंय. फ्रिजवरची धूळ बसलेल्याला दिसत नाही, उभ्याला दिसते.

ती खोड मी उचलली आणि किल्लीवालीला चिकटवली. कथेत आचाऱ्याची नवी बायको हॉटेलात राहायला येते. किल्लीवाली तिच्या खोलीत ‘उभ्या उभ्या आलेय’ म्हणत शिरते आणि सगळी संध्याकाळ उभी राहते. बोट फिरवून धूळ बघते. चहाचा रिकामा कप उलटा करून बुडावरचा शिक्का वाचते. कपाची गोष्ट माझ्या पदरची, ताईंनी तसं कधी केलं नव्हतं. वाचकांना नेमकी तीच सगळ्यात आवडली. ‘आमच्याकडे अगदी अशीच एक आहे’, असं जो तो लिहायला लागला. मला आकाश ठेंगणं झालं.

एकच वाचक टाळ्या वाजवायचा नाही. त्यानं नाव घेतलं होतं ‘शून्य नंबर’. गणितात शून्य मिळालेलं कुणीतरी असणार, असं मी धरून चालले होते. माझ्या सल्ल्याच्या लेखाखाली त्यानं विचारलं, ‘खोड दिलीत ते बरं केलंत. पण किल्लीवाली बसत का नाही? तिथली खुर्ची फार खोलगट आहे का?’

मी लिहिलं, ‘खुर्चीचं माप मालिकेत दिलेलं नाही.’ लोकांनी हसरे चेहरे टाकले.

‘मग दुसरं काही कारण असेल,’ शून्य नंबरनं पुन्हा लिहिलं. ‘तिला कुणी विचारलं का?’

यावर मी जे लिहिलं ते अगदी मांडी ठोकून, सल्लागाराच्या थाटात. ‘काही माणसांना कारण नसतं. ती तशीच असतात.’ या वाक्यावर पसंतीचा पाऊस पडला. मीच ते पुन्हा पुन्हा वाचलं.

त्यानंतर काही दिवसांनी नवरा भाजी निवडता निवडता म्हणाला, “ताईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलंय.”

“गुडघ्यांना काय झालं?”

“पार झिजलेत म्हणे. किती वर्षं अंगावर काढलंय, कुणाला पत्ता लागू दिला नाही. काल डॉक्टरांकडे सोबत नेलं, तेव्हा मला कळलं.” मग त्यानं भाजी बाजूला ठेवली. “तिच्या घराला जिने आहेत. आपण तळमजल्यावर. महिना-दीड महिना इथे राहू दे तिला. चालेल ना?”

“चालेल की,” मी म्हटलं. पण तो ‘की’ मी इतका ओढला की त्याला जे समजायचं ते समजलं.

गुडघे आणि सोफा यांची सांगड मला तेव्हाही घालता आली नाही. माझ्या डोक्यात एकच घोळत होतं, की वन्सं घरात असताना मी लिहू कुठे. तरी आम्ही आतल्या खोलीतला पलंग रिकामा केला, नवऱ्यानं न्हाणीघरात धरायला दांडा बसवला, भिंत फोडताना दोनदा बोट ठेचून घेतलं. त्या धांदलीत मी संकेतस्थळाकडे फिरकलेही नाही. आणि अचानक ताईंचा फोन आला. भावाला नाही, मला.

“अगं, माझी सोय झालीय. दवाखान्याला लागूनच शुश्रूषा केंद्र आहे, तिथे राहते. छोट्याला सांग, धावपळ करू नको म्हणावं.” छोट्या म्हणजे माझा नवरा.

“अहो, पण ताई, आम्ही पलंगसुद्धा लावलाय.”

“असू दे. तुमची अडचण नको.”

“अडचण कसली त्यात!” मी म्हटलं, आणि आवाजातला आनंद लपवायला खोकले.

मग त्या म्हणाल्या, “सांभाळून राहा,” आणि फोन ठेवला. ते किल्लीवालीचं वाक्य होतं. पण हे काय, कुणीही म्हणतं. मी कानाआड केलं.

नवऱ्याचं तोंड एवढंसं झालं. “तू काही बोललीस का तिला?”

“मी? मी काय बोलणार?”

“आई आजारी असायची तेव्हा हिनं मला कडेवर घेऊन वाढवलंय,” तो म्हणाला. “आणि हिला परक्यांच्या खोलीत टाकायचं?” मग तो नव्यानं बसवलेल्या दांड्याला उगाच हलवून बघत उभा राहिला. मी खरोखरच काही बोलले नव्हते, त्यामुळे मला रागही आला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी संकेतस्थळ उघडलं. तिथे माझीच चेष्टा चालली होती. ‘काना-मात्रा सापडल्या!’ असं म्हणून कुणीतरी माझ्या त्या कथेतलं एक वाक्य वर टांगलं होतं. ‘वन्स उभ्याच होत्या.’ खाली प्रश्न, ‘हे वन्स कोण? का इंग्रजीतलं? एकदा उभ्याच होत्या?’ आणि त्याखाली हशा.

कच्ची कथा मी ‘वन्सं’ असंच लिहीत असे. खरं माणूस डोळ्यांसमोर असलं की हात भराभर चालतो. शेवटी संगणकाला सांगायचं, सगळ्या ‘वन्सं’ काढ आणि ‘किल्लीवाली’ घाल. मग हातानं एकेक क्रियापद उतरवायचं, ‘होत्या’ची ‘होती’ करायची, ‘म्हणाल्या’ची ‘म्हणाली’. संगणकानं आपलं काम इमानेइतबारे केलं होतं. एका ठिकाणी माझ्याकडून अनुस्वार राहिला होता, आणि टिंब नसलेली ‘वन्स’ त्याला ओळखता आली नाही. लोकांची टिंबं शोधण्याचा पगार घेणारी मी, मलाही ती दिसली नव्हती.

हशाच्या तळाशी शून्य नंबरची प्रतिक्रिया होती. ‘हसू नका. नणंदेला वन्सं म्हणतात. टिंब राहिलंय, एवढंच.’ तारीख पाहिली. ताईंचा फोन आला, त्याच्या आदल्या दिवसाची होती.

मी त्या नावावर बोट दाबलं. नावाशेजारचं चित्र मोठं झालं. काउंटरवर मांडलेल्या चष्म्यांच्या चौकटी, आणि बाजूला एक निळा हातआरसा. त्याचा दांडा मोडल्यावर लाल चिकटपट्टी गुंडाळून दिली होती ती माझ्या नवऱ्यानं. शून्य नंबरचा चष्मा म्हणजे नुसती काच, नजर चांगली असलेल्यांनी मिरवायला घ्यायची, हे मला ताईंनीच सांगितलं होतं. कपाटाला टेकून, उभ्यानं.

खुर्ची फार खोलगट आहे का, असं त्यांनी मला विचारलं होतं. सगळ्यांच्या देखत मी त्यांना खुर्चीचं माप ऐकवलं होतं. आणि या सगळ्यावर मी पहिली गोष्ट काय केली असेल, तर ती कथा उघडली आणि ‘वन्स उभ्याच होत्या’ पुसून ‘किल्लीवाली उभीच होती’ केलं. हाताला सवय. जतन केल्यावर लक्षात आलं की सबंध कथेत तेवढ्या एका जागी त्यांचा मान राहिला होता, आणि तोही मी आत्ता काढून घेतला. मला माझीच किळस आली.

मी उठून तडक चष्म्याच्या दुकानात गेले. ताई काउंटरमागे उंच स्टुलावर बसल्या होत्या. त्यांना बसलेलं पाहिल्याचं मला आठवेना. एका गिऱ्हाइकाच्या कानामागे चष्म्याची दांडी बसते का, ते बघत होत्या. तो जाईपर्यंत मी दाराशी थांबले.

“तू? या वेळी?”

“उभ्या उभ्या आलेय,” माझ्या तोंडून निघून गेलं. मी जीभ चावली.

त्यांनी काउंटरखालून दुसरं स्टूल माझ्याकडे सरकवलं. “बैस.”

मी बसले. मान वर होत नव्हती. “ताई, ते मी...”

“छोट्यानंच सांगितलं मला, काना-मात्रा म्हणजे तू म्हणून. केवढ्या कौतुकानं. बायको लिहिते माझी! दुपारी इथे कुणी नसतं, म्हणून वाचायला लागले.” त्यांनी एक काच फुंकर मारून पुसायला घेतली. “खोडीचा राग नाही गं आला. उभी राहते ती मीच. पण कप उलटा करून मी कधी बघितलाय?”

“नाही.”

“नक्की?”

“नाही हो ताई. ते मी घातलं.”

“बरं झालं बाई,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा जीव खरोखरच भांड्यात पडलेला दिसला. “वाचल्यापासून आठवून बघतेय. म्हटलं, केलं असेल एखाद्या वेळी, आपल्याच लक्षात नसेल. माणसाला आपलं सगळंच कुठे दिसतं?”

त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. लाजेनं माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचीही लाज वाटली.

“तुझ्या सोफ्यावर पहिल्या दिवशी मी बसणारच होते,” ताई म्हणाल्या. “तू म्हणालीस, बघा ना किती मऊ आहे, माणूस आतच जातं. मी म्हटलं, गेले तर बाहेर कोण काढणार? तू नवी. तुझ्यापुढे हात कसा पसरायचा?” त्या हसल्या. मला हसता आलं नाही. “मग तिथे विचारलं तुला. दुसरं नाव घेतलं की जरा धीर येतो.”

“माझं चुकलं. ताई, तुम्ही घरी या. मी तो सोफा काढून टाकते. ती कथाही काढते, आजच काढते.”

“कथा कशाला? लोकांना आवडलीय. कप तेवढा काढ.”

“आणि घरी?”

त्यांनी पुसलेली काच उजेडाकडे धरली आणि तिच्यातूनच माझ्याकडे बघितलं. “मला धरून उठवावं लागेल, न्यावं लागेल, आणावं लागेल. ते तुझ्यासमोर नको गं. तू बघशील.”

“मी लिहिणार नाही. शपथ.”

“लिहिणार नाहीस, माहितीये. पण मला आपलं वाटत राहील.” हे त्यांनी अगदी साधेपणानं सांगितलं. “छोट्याला समजाव तू. माझ्यावर रुसलाय.”

दार ढकलून नवं गिऱ्हाईक आत आलं. ताईंनी निळा आरसा त्याच्यासमोर ठेवला. मी उठले, स्टूल काउंटरखाली सारलं.

“मग आमच्याकडे कधी येणार?” मी विचारलं.

“येईन की. पाय बरे झाले म्हणजे येईन,” त्या म्हणाल्या. “उभ्या उभ्या.”